गच्चीवर कोण चढलं होतं?

घराची वीज : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत छतावरच्या सौर यंत्रणेची पत्रं इतकी आहेत की पंखे, गीझर आणि वाढीव बिलं पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक, तासगाव तालुक्यात राहतो. फेब्रुवारीत केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटची यंत्रणा बसवली. ठेकेदार ओळखीतून मिळाला. तपासणीला साहेब आले, खाली मीटरजवळ उभे राहिले, इन्व्हर्टरचा फोटो काढला, चहा घेतला आणि गेले. ७८ हजारांचं अनुदान खात्यात जमा झालं. पहिल्या मोठ्या पावसात मधल्या खोलीच्या भिंतीला ओल आली. ठेकेदार म्हणतो, पॅनेल त्या खोलीवर नाहीतच, तुमचा स्लॅब जुना आहे. त्यात शेजाऱ्यांनी विचारलं, अर्थिंगचे तीन खड्डे कुठायत? आमच्याकडे एकच दिसतो. सरकारी तपासणीत पास झालेल्या कामाबद्दल आता तक्रार करता येते का?

उत्तर : गुरुजी, येते. 'पास झालं' याचा एवढा धाक घेऊ नका. यंत्रणा वीजजाळ्याला जोडायला हरकत नाही आणि कागदावर लिहिलेली क्षमता छतावर आहे, एवढंच ती सही सांगते. तुमचा स्लॅब गळणार नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. वीज वितरणातल्या माझ्या नोकरीचा बराचसा काळ दुसऱ्यांची कामं तपासण्यात गेला. कामाच्या आधी कागद पूर्ण झालेला मी इतक्यांदा पाहिलाय की आता त्याचं नवल वाटत नाही.

आधी ओलीचं बघू. पाणी जिथून शिरतं तिथेच खाली उतरेल असं नसतं. जुन्या घराच्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. स्टँडचे पाय बसवणारी पोरं वरून ड्रिल घालतात, ते कोबा फोडून स्लॅबमध्ये जातं, फास्टनर ठोकतात, नट आवळतात आणि पुढच्या पायाकडे वळतात. पावसाचं पाणी त्या भोकातून कोब्यात उतरतं. कोबा ते पिऊन घेतो. मग ते उताराच्या बाजूनं आतल्या आत सरकत राहतं आणि स्लॅबला जिथे बारीक चीर असेल तिथून खाली येतं. भोक पुढच्या खोलीवर आणि ओल मधल्या खोलीत, असं सर्रास होतं. त्यामुळे 'पॅनेल त्या खोलीवर नाहीत' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

तपास तुम्हीच करा. आठवडाभर उघडीप मिळाली की स्टँडच्या एका रांगेच्या पायांभोवती सिमेंटचे छोटे बांध घालून घ्या, त्यात पाणी भरा आणि दिवसभर राहू द्या. त्याआधी खाली भिंतीवर ओलीची कड पेन्सिलीनं आखा, शेजारी तारीख घाला, फोटो काढा. ओल पेन्सिलीच्या रेघेपुढे सरकली तर ती रांग दोषी. नाही सरकली तर ती पूर्ण वाळू द्या आणि दुसरी रांग घ्या. सगळ्या रांगा एकदम भरू नका, मग कुठली गळते ते कळणार नाही. आणि एकाही रांगेला ओल हलली नाही, तर ठेकेदार खरं बोलत होता असंही निघू शकतं, तेवढी तयारी ठेवा.

दोष सापडला की ठेकेदार एम-सीलची पुडी घेऊन येईल. त्यावर भागवू नका. एका उन्हाळ्यात ते तडकतं. पाय सोडवून, भोकाभोवतीचा कोबा मोकळा करून, भोक वॉटरप्रूफ मसाल्यानं भरून, त्यावर काँक्रीटचा ठोकळा ओतून पाय त्या ठोकळ्यात घ्यायला सांगा. ठोकळ्याची खालची कड गोलाई देऊन बुजवायची, म्हणजे तिथे पाणी थांबत नाही. ठोकळे किती वजनाचे हवेत हे मात्र त्याच्या अंदाजावर सोडू नका. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मुंबई-नागपूरसाठी ४४ मीटर. तुमच्या भागाचा आकडा धरून केलेला हिशेब त्यानं कागदावर द्यायला हवा. उघड्या शेताकडेच्या गच्चीवर तिरकं पॅनेल वाऱ्यात शिडासारखं उचललं जातं.

आता अर्थिंग. तुमचे शेजारी बरोबर बोलले. पॅनेल आणि स्टँड म्हणजे डीसी बाजूला एक, पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणाऱ्या इन्व्हर्टरनंतरच्या एसी बाजूला एक आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाला स्वतंत्र एक, असे तीन खड्डे लागतात. वीजरोधकाची पट्टी त्याच्या स्वतःच्याच खड्ड्यात उतरली पाहिजे. सगळं एकाच खड्ड्यात कोंबलं आणि जवळपास वीज पडली, तर तो तडाखा त्याच जोडणीतून इन्व्हर्टरकडे वळू शकतो.

आणि तीन झाकणं दिसली म्हणूनही निर्धास्त होऊ नका. एका घरी मी तीन छान हिरवी झाकणं पाहिली, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात क्रमांक आणि तारीख. एक उचललं. आत मीठ-कोळसा नाही, रसायन नाही. पट्टीचं टोक हाताला सैल लागलं म्हणून ओढलं, तर सगळी पट्टी वर आली. नुसती वीतभर मातीत खोचलेली. घरमालक बिचारे हातात ट्रे घेऊन उभे. म्हणून अर्थ टेस्टर लावून, तुमच्या समोर, प्रत्येक खड्ड्याच्या विद्युत रोधाचं माप घ्यायला लावा. ते ५ ओहमच्या आत हवं. आकडा, तारीख आणि सही कागदावर घ्या.

तक्रारीचा क्रम असा. पहिलं पत्र ठेकेदाराला, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. फोनवर कितीही गोड बोलला तरी पत्र टाकाच. योजनेत ठेकेदारावर ५ वर्षांच्या मोफत देखभालीची जबाबदारी आहे आणि ती तुमच्या करारात असणार, तो परिच्छेद पत्रात उतरवा. त्या पत्राची प्रत वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात द्या आणि आवक शिक्का घ्या. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा, हेल्पलाइन १५५५५ आहे. नोंदणीच्या वेळी ठेकेदाराला बँक हमी द्यावी लागते. त्याला कोर्टापेक्षा ती हमी जप्त होण्याची आणि यादीतून नाव जाण्याची भीती जास्त असते, म्हणून प्रत वीज कंपनीकडे जाणं महत्त्वाचं. एवढ्यानं हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जायचं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. वकील नसला तरी चालतं. तुमच्यासारख्या पत्रलेखनात मुरलेल्या माणसाला तर नकोच.

त्या चहा पिऊन गेलेल्या साहेबांबद्दल मला तुमच्याइतका राग येत नाही. ७५,०२१ कोटींची योजना, १ कोटी घरांचं लक्ष्य, आणि त्यातल्या तुमच्या तालुक्याच्या वाट्याची घरं कोणी तपासायची? जे वीजचोरीही पकडतात आणि वादळात पडलेले खांबही उभे करतात, त्यांनीच. पण एक विचारायला हवं होतं, साहेब, शिडी लावलीय, येता का वर? अजून ज्यांची तपासणी व्हायचीय त्यांनी शिडी आधीच लावून ठेवावी. समोर लावलेल्या शिडीला नाही म्हणणं जरा अवघड जातं. माझ्या वेळी ठेकेदार मलाच सांगायचे, "बाई, तुम्ही कशाला वर येता, ऊन आहे." असं कोणी म्हटलं की मी आधी वर जायचे.

प्रश्न : नाशिकमध्ये दोन ठेकेदारांचे भाव घेतले. एक बराच स्वस्त आहे. म्हणतो, पॅनेल 'सेम क्वालिटी', कागद अनुदानाला चालतील असे करून देतो. त्यानं पोर्टलवर माझ्या मोबाइलवरून नोंदणीही करून दिली. घ्यावं का?

उत्तर : नाही. अनुदान फक्त भारतात बनलेल्या सेलपासून भारतात बनलेल्या पॅनेलला मिळतं. बाजारात त्याला सगळे 'डीसीआर' म्हणतात. बाहेरून सेल आणून इथे जोडलेलं पॅनेल स्वस्त पडतं, चालतंही चांगलं, पण या अनुदानाला ते बसत नाही. 'कागद करून देतो' म्हणजे छतावर एक माल आणि प्रमाणपत्रावर दुसऱ्याच मालाचे अनुक्रमांक. उद्या तपासलं तर अडकणार तुमचं अनुदान, त्याचा भाव तर त्याला मिळालेलाच असेल.

पॅनेल टेम्पोतून उतरतील तेव्हा, गच्चीवर चढवण्याआधी, प्रत्येकाच्या अनुक्रमांकाचा फोटो घ्या. एकदा स्टँडवर बसली की मागचं लेबल वाचायला मान मोडते. मग डीसीआर प्रमाणपत्रातल्या यादीशी एकेक क्रमांक ताडून बघा. आणि पोर्टलचा पासवर्ड आजच बदला. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो तो तुम्ही वाचून खात्री करावी म्हणून. वाचून दाखवू नका.

प्रश्न : मावशी, तुम्ही ठेकेदारांबद्दल दर अंकात लिहिता. माझा मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तिकडे सरकारी योजनेतून घराच्या भिंतींना बाहेरून थर्माकोलसारखे थर लावून देतात, घर उबदार राहतं, फुकट. त्याच्या दारावर दोघे जण येऊन सांगून गेले. तिकडे नियम कडक असतात, तेव्हा काळजीचं कारण नसावं ना? आणि आपल्याकडे तसं का होत नाही?

उत्तर : वहिनी, मुलाला म्हणावं थांब. सही करू नकोस.

या प्रकरणाचं वाचन मी गेल्या वर्षी बरंच केलं, कारण जावई तिकडे आहेत आणि त्यांचाही हाच प्रश्न होता. तुम्ही म्हणता तसे नियम तिथे खरोखर आहेत. योजनेचं नाव ईसीओ, २०१३ पासून वेगवेगळ्या टप्प्यांत चाललेली. पैसा सरकारी तिजोरीतून येत नाही. वीज-गॅस कंपन्यांवर सक्ती आहे आणि त्या तो खर्च सगळ्या ग्राहकांच्या बिलातून काढतात. म्हणजे 'फुकट' काम शेजाऱ्याच्या बिलातून होतं. कंपनी ठेकेदार नेमते. तो ट्रस्टमार्क नावाच्या संस्थेकडे नोंदलेला हवा. त्याला प्रमाणपत्र देणारी वेगळी संस्था, त्या संस्थेला मान्यता देणारी आणखी एक. योजनेचा कारभार ऑफजेम या नियामकाकडे, वर मंत्रालय. घराचं मोजमाप आणि आराखडा कसा करावा याचं मानक वेगळं, प्रत्यक्ष काम कसं करावं याचं वेगळं. या सगळ्यावर लक्ष ठेवायला एक समन्वयक.

एवढं असून २०२४ च्या शेवटी शेवटी ट्रस्टमार्कला वाईट कामं सापडू लागली आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं ३९ ठेकेदारांची कामं थांबवल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. ज्या घरांच्या भिंतींना बाहेरून थर लावले होते, त्यांतल्या ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे मोठे दोष. अशी घरं २२ ते २३ हजार. आतून थर लावलेल्यांत २९ टक्के. बाहेरून केलेल्या कामांपैकी ६ टक्के तर राहणाऱ्यांच्या जिवाला किंवा आरोग्याला लगेच धोका होईल अशी. हवा खेळायच्या जागा बंद, तारा उघड्या, भिंतीत पाणी. थंड देशात भिंतीच्या थरामागे पाणी अडकलं आणि हवेची वाट बंद झाली की आतून बुरशी येते. मग घर उबदार करायला घेतलं आणि पोरांना दमा लागला, असं होऊ शकतं.

इतक्या संस्था असताना हे झालं कसं? अहवालानं कारणं दिलीत. काम ज्याला मिळालं त्यानं ते पुढे दुसऱ्याला दिलं, ज्याच्याकडे प्रमाणपत्रच नव्हतं. कारागिरांना पुरेसं शिक्षण नव्हतं. कोणत्या कामाला कोणतं मानक लागू हे स्पष्ट नव्हतं. आणि काहींनी सरळसरळ काटकसर केली. न झालेल्या किंवा फुगवलेल्या कामांचे दावेही निघाले. ऑफजेमचा अंदाज ५.६ ते १६.५ कोटी पौंडांचा आहे.

मला यातलं सगळ्यात बोलकं काय वाटलं सांगू? तो समन्वयक. घरमालकाच्या बाजूनं बघणारा म्हणून ती जागा निर्माण झाली, पण त्याचा पगार किंवा फी अनेकदा ठेकेदारच देत असे. मग तो कोणाच्या बाजूनं बघणार? बाकीच्या संस्था बहुतांशी एकमेकींचे कागद बघत होत्या. भिंतीवर टकटक करून बघणारं कोणी कमी होतं.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण याहून वाईट. २००९ मध्ये मंदीवर उतारा म्हणून सरकारनं घरांच्या माळ्यावर उष्णतारोधक घालायची योजना घाईनं काढली. रातोरात ठेकेदार उगवले. माळ्यावर चमकता फॉइल धातूच्या पिनांनी ठोकताना पिना चालू तारांत शिरल्या. कामावरची चार तरुण मुलं गेली, त्यांतली तीन विजेच्या धक्क्यानं. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद झाली आणि चौकशी आयोगाचा अहवाल २०१४ मध्ये आला. तिथे घरमालकापेक्षा आधी कारागीर बळी पडला, हे आपल्याकडे सौर पॅनेल बसवणाऱ्या मुलांकडे बघताना माझ्या मनात येतं. अर्ध्याजणांच्या कमरेला पट्टा नसतो.

तेव्हा मुलाला सांगा : दारावर आलेल्यांना नव्हे, ट्रस्टमार्कच्या यादीत स्वतः शोधून ठेकेदाराची नोंद बघ. प्रत्यक्ष काम करणारी टोळी त्याचीच आहे का हे लेखी विचार. समन्वयकाची फी कोण देतो तेही विचार. हवा खेळायच्या व्यवस्थेचा आराखडा दाखवल्याशिवाय भिंतीला हात लावू देऊ नकोस. आणि घर जुन्या विटांचं, मधे पोकळी नसलेल्या एकेरी भिंतीचं असेल तर आपल्या पैशानं एक स्वतंत्र सर्व्हेअर बोलव. त्याला हे पैसे जड वाटतील. घालू द्या.

प्रश्न : आमची पुण्यात ६० घरांची सोसायटी आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सौर यंत्रणा बसवायचं ठरलंय. समितीत वाद चालू आहे, देखरेखीला वेगळा माणूस नेमून पैसे का घालवायचे? ठेकेदार स्वतःच 'थर्ड पार्टी' तपासणी करून देतो म्हणतो.

उत्तर : त्यानं आणलेली तिसरी पार्टी दुसरीच असते. वरचं लेस्टरचं उत्तर समितीत वाचून दाखवा.

सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे. त्या रकमेतला छोटा तुकडा देखरेखीवर घाला. माणूस परवानाधारक, विजेचं काम कळणारा, या ठेकेदाराशी व्यवहार नसलेला आणि तुमच्या चेअरमनच्या मेहुण्याच्या ओळखीतला नसलेला हवा. शेवटची अट पुण्यात सगळ्यात अवघड. त्याला चार वेळा यायला सांगा. माल उतरताना, ठोकळे ओतताना, अर्थिंगचे खड्डे उघडे असताना आणि यंत्रणा सुरू करताना. खड्डे बुजवल्यावर आलेला तपासनीस काहीच तपासत नाही, तो झाकणं मोजतो.

पैसे टप्प्यांनी द्या आणि १० टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा, हे करारात आधीच लिहा. कर्ज काढत असाल तर बँकेशी बोला, कारण बँक रक्कम थेट ठेकेदाराला देते आणि तुमच्या हातात अडवायला काही उरत नाही. सुरू झाल्यावर रोजचं उत्पादन बघत राहा. आपल्याकडे किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट धरतात, पावसाळ्यात कमी. उन्हाळ्यातही ते तीनाच्या आसपास रेंगाळत असेल तर आधी बघा पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते. एका पॅनेलवर सावली आली की ओळीनं जोडलेल्या बाकीच्यांचंही उत्पादन पडतं. आणि लिफ्टरूमकडे, टाक्यांकडे जायला वाट सोडा. प्लंबर पॅनेलवर पाय देऊन जाताना मी पाहिलेत.

प्रश्न : पॅनेल धुवायला ठेकेदार येत नाही. देखभाल ५ वर्षं मोफत आहे ना? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. (जालना)

उत्तर : बिघाड आणि दुरुस्ती त्याची, धूळ बहुतेक करारांत तुमची. तुमचा करार काढून बघा. बोअरचं जड पाणी उन्हात वाळलं की काचेवर पांढरे डाग धरतं आणि ते निघत नाहीत. पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणी घ्या, सकाळी काच गार असताना मऊ फडक्यानं पुसा, साबण नको. मजल्यावर उभं राहून लांब दांड्यानं होत असेल तरच स्वतः करा.